उतारावरची हेराल्ड

आमच्या घरात सगळ्यात हलकी मी होते. हे वाक्य लिहून मी यजमानांना वाचून दाखवलं, तर ते चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले, आणि मग पाणी प्यायला म्हणून आत गेले ते तिकडेच हसून आले. पण खरंच होते. कॉलेजात नुकतीच जायला लागलेली, उसाच्या चोयटीसारखी, जोराचं वारं सुटलं की आई हाक मारून आत बोलवायची अशी. आणि एवढ्या एका गुणावर घरच्या मोटारगाडीचं स्टिअरिंग माझ्या हाती आलं. ज्याला चालवता येतं त्याने चालवावं, हा जगाचा नियम. आमच्याकडे ज्याचं वजन कमी तो आत आणि बाकीचे मागे, असा नियम होता. अण्णा, म्हणजे माझे वडील, आणि बाबूकाका मागून धक्का द्यायचे, मी क्लच सोडायचे, गाडी ठसकत, खोकत सुरू व्हायची, मी पलीकडच्या सीटवर सरकायचे आणि अण्णा पायजमा सावरत, चालत्या गाडीबरोबर चार पावलं पळत दारातून आत उडी घ्यायचे. लग्नाकार्याला निघतानासुद्धा हाच प्रकार. मखमलाबादच्या आमच्या मळ्याजवळचे लोक हा सोहळा बघायला हातातली कामं ठेवून बांधावर येऊन उभे राहायचे.

गाडी म्हणजे हेराल्ड. दोनच दारांची, जास्त दूध घातलेल्या चहाच्या रंगाची. तिचं बॉनेट इतर गाड्यांसारखं वरच्या वर उघडत नसे. अख्खं तोंडच दिव्यांसकट पुढे कलंडायचं, मगरीने आ वासावा तसं. मागच्या सीटवर जायचं तर पुढची सीट दुमडून, देवळाच्या गाभाऱ्यात शिरतात तसं वाकून जावं लागे, आणि आमच्या घरातल्या बायका एकदा आत गेल्या की बाहेर काढायला दोन माणसं लागत. ही गाडी देवळालीच्या एका बंगल्यातून आली. तिथले म्हातारे साहेब अण्णांकडून वर्षानुवर्षं गुलाब घेत. ते मुलीकडे पुण्याला कायमचे निघाले तेव्हा अण्णांना म्हणाले, "तिथे हिला उभी करायला जागा नाही. मळ्यात ने, मोकळी हवा मिळेल तिला." अण्णा ती घेऊन आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर नवरदेवाचं तेज होतं आणि आईच्या चेहऱ्यावर सवत बघितल्याचं.

आल्याआल्याच तिचा सेल्फ गेला. सेल्फ म्हणजे किल्ली फिरवल्यावर इंजिनाला पहिली गती देणारी मोटर. ती जळली, तशी दुसरी कुठे मिळेना. मेकॅनिकने अण्णांच्या खांद्यावर हात ठेवून, वैद्य नातेवाइकांना सांगतो तशा आवाजात सांगितलं, "अण्णा, आता धक्क्यावर जगेल तेवढं जगेल." त्या दिवसापासून आमच्या घराची नजरच बदलली. आम्हाला रस्ते दिसेनासे झाले, उतार दिसायला लागले. कारण उतारावर उभी केली की धक्काही लागत नसे. ब्रेक सोडायचा, गाडी आपसूक घरंगळायची आणि क्लच सोडला की सुरू. अण्णांनी विहिरीपाशी मातीचा चांगला ढोपरभर उंच ओटा घालून त्याला उतार काढला, आणि हेराल्ड रात्री तिथे मुक्कामाला चढायची. नाशिक नऊ टेकड्यांवर वसलंय असं कॉलेजात शिकवायचे तेव्हा बाकीची मुलं पेंगायची. मी मनात पार्किंग मोजायचे. "ज्यानं हे गाव वसवलं ना," अण्णा म्हणायचे, "त्याला आपली हेराल्ड आधीच दिसली असणार." सपाटीवरचे नातेवाईक हळूहळू दुरावले. मनमाडची आत्या अजून म्हणते, दादा माझ्याकडे यायचा बंद झाला तो वहिनीमुळे. बिचाऱ्या आईचा त्यात काही संबंध नव्हता, आत्याच्या दारात उतार नव्हता. माझ्यासाठी स्थळं यायला लागली तेव्हा आई विचारायची, माणसं कशी आहेत. अण्णा विचारायचे, घरासमोर रस्ता कसा आहे. देवळ्याचं एक स्थळ, कांद्याची चाळ, दोन विहिरी, मुलगा निर्व्यसनी, अण्णा जेवून हात धुता धुता म्हणाले, "लय सपाट हाय ते." पुढे माझं लग्न इगतपुरीला झालं. तिथे दारातून बाहेर पाऊल टाकलं की उतार सुरू होतो तो थेट घाटापर्यंत. आपली पसंती आपल्या पदवीमुळे झाली, असं यजमान आजही चारचौघांत सांगतात. मी ऐकून घेते.

आईचा आणि गाडीचा दावा झेंडूवरून होता. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्या घरात माणूस, भांडी, अंथरूण, काही सापडायचं नाही. जिथे बघावं तिथे झेंडू. आई अंधारातच बाजरीच्या भाकरी थापून ठेवायची, त्यावर ठेच्याचा गोळा आणि लसणाची पात. येणाऱ्याजाणाऱ्याने उभ्याने खायचं आणि पुन्हा सरीत शिरायचं. भाकरीलासुद्धा झेंडूचा कडवट वास लागायचा. तो वास मला अजून भुकेचा वास वाटतो. फुलं टेम्पोने जायची, पण एका वर्षी अण्णांना हौस आली की पहिली खेप हेराल्डमधून न्यायची. मागची सीट, टप, आईची मांडी, सगळीकडे क्रेट रचले, आणि मखमलाबाद रोडवर, भर सपाटीत, गाडी बंद पडली. पुढे मोठा ट्रॅक्टर, मागे बाजाराला निघालेल्या गाड्यांची रांग, आणि मधे आई, क्रेटच्या मागे अडकलेली, नुसता आवाज येणारी. धक्का द्यायला माणसं धावली, पण प्रत्येकाने आधी एकेक फूल उचललं. बाजार हातचा गेला. संध्याकाळी आईने ओट्यावर उभ्या असलेल्या गाडीकडे पाठ करून जाहीर केलं, "पुढच्या दसऱ्याला हे धूड माझ्या दारात दिसायचं नाय. मी नायतर ती."

अण्णा ओट्याची माती पायाने सारखी करत राहिले, म्हणजे विचार करत होते. आईने ते ओळखलं आणि विचाराला वेळच दिला नाही. आठवड्याभरात एक हॉटेलवाले शेठ दारात आले. हायवेला त्यांचं नवं हॉटेल उभं राहत होतं. गाडीभोवती फिरून त्यांनी वितीने तिचं तोंड मोजलं आणि म्हणाले, "अर्धीच पाहिजे."

"अर्धी?" अण्णा.

"पुढची. मधून कापायची, भिंतीत बसवायची. बॉनेट उघडं ठेवायचं आणि आत पानवाला बसवायचा. रात्री दिवे लागतील, भुकभुक करतील. फॅमिली पब्लिक फोटो काढेल."

अण्णांनी त्यांना चहा दिला, कारण दारात आलेल्या माणसाला चहा द्यायचाच. पण शेठ गेल्यावर ते ओट्यावर जाऊन गाडीला टेकून बसले. "जित्या गाडीच्या तोंडात पानवाला," एवढंच म्हणाले. मला पहिल्यांदाच भीती वाटली. गाडी जाईल याची, आणि त्यापेक्षा अण्णांचं ते टेकून बसणं सरळ होणार नाही याची.

क्लबाचा शोध दातांमुळे लागला. अण्णांची दाढ दुखत होती. गंगापूर रोडवरच्या कुलथे डॉक्टरांच्या दवाखान्यात भिंतभर जुन्या मोटारींचे फोटो होते. तोंडात साधनं असताना अण्णांनी त्याकडे बोट दाखवून जे काही आवाज काढले त्यातून डॉक्टरांना नेमकं समजलं की या माणसाकडे हेराल्ड आहे. त्यांनी साधनं खाली ठेवली. दाढ तशीच राहिली आणि दोघं तासभर बोलत बसले. नाशिकमधल्या जुन्या गाड्यांच्या मालकांचा एक क्लब होता आणि डॉक्टर त्याचे सचिव होते. महिन्याच्या एका रविवारी सगळे जमत, त्र्यंबक रोडला एक चक्कर मारत आणि मिसळ खात. मी पुढे पुष्कळ वेळा गेले आहे, म्हणून सांगते, की तो क्लब म्हणजे थोडासा गावाकडचा दहावा असतो. पुरुष एका उघड्या बॉनेटभोवती हात मागे बांधून उभे, माना खाली, कोणीतरी हळूच म्हणतं, "कार्बोरेटर गेला का?" दुसरा म्हणतो, "गेला." मग सगळे सुस्कारा सोडतात. बायका लांब खुर्च्यांवर, मिसळीची वाट बघत.

"क्लबात घेतली, मेंबर झालो, तर गाडी राहील," अण्णांनी आईला सांगितलं. "नाय घेतली तर शेठला दे."

आईने दळण निवडता निवडता विचारलं, "क्लबात घेतात म्हणजे? तिथंच ठेवून घेतात? म्हाताऱ्या माणसांचा आश्रम असतो तसं?"

"नाय गं. बिल्ला देतात पितळी. गाडी आपल्याकडंच."

"मग त्यात माझा काय फायदा?"

फायदा काही सांगता आला नाही, पण आईने मान्य केलं. कारण क्लबाची अट तिला कळली होती. नव्या गाडीने समितीसमोर, बंद इंजिनापासून, बाहेरून कोणाचाही हात न लागता सुरू व्हायचं आणि मैदानाला एक फेरी मारून जागेवर यायचं. आईने लगेच शेठना निरोप धाडला: त्या रविवारी टेम्पो घेऊन थेट मैदानावरच या.

मैदान सपाट होतं. शहरातलं खेळाचं मैदान सपाटच असणार. पण माळी माणसाला जगात सपाट काही दिसत नाही. अण्णा म्हणाले, "पाण्याला इच्यार, ते सांगल." आदल्या दिवशी ते आणि बाबूकाका पाण्याच्या कळशा घेऊन मैदानावर गेले. वाफ्याला पाणी कसं जाईल ते बघायला रानात जसं करतात, तसं ठिकठिकाणी कळशी ओतून ओणवे होऊन बघत राहिले. पोरांचं क्रिकेट थांबलं. रखवालदाराने कसलं व्रत आहे म्हणून विचारलं. शेवटी कडेच्या कडुनिंबापाशी पाणी एका दिशेने सरकलं. मुंगीलाच जाणवेल एवढा उतार, पण उतार. अण्णांनी तिथे चार खडे मांडले आणि घरी येऊन दुप्पट जेवले.

रविवारी उजाडायच्या आत आम्ही जागा धरली. मांडव घातला होता, मिसळीचा रस्सा उकळत होता, आणि एकेक गाडी अशी येत होती की जणू मोठ्या घरच्या सासवाच उतरताहेत. आम्ही हेराल्ड खड्यांच्या मधोमध उभी केली आणि इंजिन बंद केलं. बंद करण्याआधी मी दोनदा अण्णांकडे बघितलं, कारण सपाटीवर ते बंद करायचं नाही हे मी पाढ्यासारखं शिकले होते. तेवढ्यात कुलथे डॉक्टर हसत आले. "सुंदर! फक्त एक करा, तोंड मांडवाकडे हवं. सगळ्या गाड्यांची तोंडं मांडवाकडे." चार मेंबरांनी कौतुकाने हात लावून, परीक्षा अजून सुरू नव्हती म्हणून, आमची गाडी आहे त्या जागी अर्धा गोल फिरवून दिली. अण्णा तोंड उघडं ठेवून बघत राहिले. पाणी कुठे जातं ते त्यांनी पाहिलं होतं. गाडीचं तोंड कुठे असणार, ते विचारायचं राहिलं होतं. आता उतार आमच्या पाठीमागे होता.

"रिवर्सला उठंल की," बाबूकाका कुजबुजला. "मामाच्या गल्लीत उठली होती."

दुसरा मार्गच नव्हता. आमचा नंबर आला. समितीचे तिघे कागद घेऊन समोर, शेठ टेम्पोला टेकून एका बाजूला, आई मांडवात पहिल्या खुर्चीवर, निकाल ऐकायला बसल्यासारखी. मी क्लच दाबला, रिव्हर्स टाकला, हँडब्रेक सोडला. गाडी हलली नाही. मी सीटवर बसल्या बसल्या मागे जोर दिला, वितभरही नाही. दुनियाभर कौतुक झालेलं माझं वजन त्या दिवशी फुकट गेलं.

टोपीवाले एक मेंबर हसून म्हणाले, "फुलांची गाडी आहे म्हणे. वास आल्याशिवाय उठत नसेल." मांडवात हशा पिकला. शेठनेही संधी साधली. "वहिनी, मी म्हटलं नव्हतं? माणसं न्यायचे तिचे दिवस संपले. भिंतीतच शोभेल ती."

अण्णांनी बॉनेटवरची धूळ बाहीने पुसली. आणि मग मांडवातून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

घरच्या सुनेला सासूने वाटेल ते बोलावं. शेजारणीने बोललं तर सासू पदर खोचते. आईने पदर खोचला. मैदान ओलांडून आली, डॉक्टरांना म्हणाली, "बाहेरून हात लावायचा नाय ना?"

"नाही, बाहेरून अजिबात नाही."

"आतून?"

डॉक्टरांनी कागद बघितला. इतर दोघांनी बघितला. आतून कोणी हात लावेल असा विचार तिथे कोणी केला नव्हता. तोपर्यंत आईने पुढची सीट दुमडली होती. "सरक गं. बाबू, बस मागं. तुम्ही पुढं बसा. बघताय काय?" मागे आई आणि काका, पुढे अण्णा आणि मी. गाडीच्या स्प्रिंगा खाली बसल्या. आईने माझ्या सीटच्या पाठीला धरलं आणि क्रेट टेम्पोत भरताना आम्ही सगळे ज्या तालावर काम करायचो त्या तालावर आवाज दिला, "घे…" आम्ही चौघं पुढे वाकलो. "टाक!" चौघांनी एकदम पाठ मागे आपटली. "घे… टाक! घे… टाक!" बाहेरून ते कसं दिसत असेल याची कल्पना मला पुढे डॉक्टरीण बाईंनी दिली. त्या म्हणाल्या, बंद गाडीत चार माणसं भजनात रंगल्यासारखी डोलताहेत आणि समितीला टाळ वाजवावेत की काय ते कळेना.

सातव्या की आठव्या "टाक"ला चाकाने खडा ओलांडला. गाडी सरकली. मुंगीचा उतार, पण आमचा. "सोड!" आई, काका, अण्णा, तिघंही ओरडले. मी क्लच सोडला. हेराल्डने एक आचका दिला, एक काळा ढग सोडला आणि सुरू झाली. अण्णांनी डॅशबोर्डवर डोकं टेकलं.

आता खरी पंचाईत. गाडी मागे चालली होती. पुढचा गिअर टाकायचा तर थांबायला हवं, आणि गाडी थांबली की थंड इंजिन मेलं, हे आम्हा चौघांनाही माहीत होतं. "थांबू नको," अण्णा म्हणाले. "जाऊ दे अशीच." मग मी मान मागे वळवली, तर मागची काच आईने आणि काकाने पूर्ण भरलेली. आई गुडघ्यांवर उलटी बसली, तोंड काचेला, आणि मला सांगायला लागली. "डावीकडं. अजून. अगं, माझं डावं नाय, तुझं! झाड आलं, झाड! आता उजवीकडं. मांडव आला. सरळ. मिसळ आली, मिसळ, मिसळ सांभाळ!" रश्श्याच्या पातेल्याजवळून आम्ही गेलो तेव्हा आचाऱ्याने झारा छातीशी धरला होता. टोपीवाल्यांनी खुर्चीवर पाय वर घेतले. अख्ख्या मैदानाला उलटी फेरी मारून हेराल्ड पुन्हा कडुनिंबाखाली, आपल्या चार खड्यांपाशी, पाठीकडून येऊन पोहोचली, आणि मी क्लच दाबून धरला तो कोणी सांगेपर्यंत सोडला नाही.

समिती बाजूला गेली. वाद झाला. हातवारे झाले. शेवटी डॉक्टर खिडकीशी आले. डोळे पुसलेले होते. हसून की कशाने, माहीत नाही. "नियमात एक फेरी लिहिलंय," ते म्हणाले. "तोंड कुठे असावं ते लिहायचं राहिलं. ते आम्ही पुढच्या वर्षी लिहू." आणि पितळी बिल्ला खिडकीतून अण्णांच्या हातात ठेवला. आम्ही उतरलो नाही. इंजिन बंद करायची कोणाची हिंमत नव्हती. मिसळ, पाव, भाजलेला पापड, दही, सगळं खिडकीतून आत आलं आणि थरथरत्या गाडीत बसून आम्ही खाल्लं. शेठ जवळ आले तर आईने पापड मोडता मोडता सांगितलं, "शेठ, तुमच्या पानवाल्याला दुसरं तोंड बघा."

पुढे क्लबातल्याच एकांनी कुठल्याशा जुन्या गाडीतला सेल्फ काढून दिला. आता हेराल्ड किल्लीवर सुरू होते. तिचा ओटा अजून आहे. अण्णा नव्वदीकडे आले तरी ती तिथेच उभी राहते, तोंड उताराकडे, कारण यंत्राचा काय भरवसा. परवा माझा मुलगा नवी बॅटरीवरची गाडी घेऊन आजोळी आला. आवाज नाही, धूर नाही, किल्लीसुद्धा नाही. आजीला मागे, मला पुढे बसवलं, बटण दाबलं आणि आरशात बघतो तर आजी पुढच्या सीटला धरून वाकलेली, पाठ मागे टाकायच्या तयारीत.

"आजी, काय करतेस? ही आपोआप चालते."

"चालू दे की," आई म्हणाली. "पण आपण नुसते बसून राह्यलोय, असं तिला वाटायला नको."

मुलगा हसला. मी हसले नाही, कारण तोपर्यंत मीसुद्धा पुढे वाकले होते.